आतून लावलेली कडी

चावीवाल्याची टपरी बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून होती, आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला तीस वर्षं गर्दचा धंदा चालला. लपूनछपून नव्हे, चांगला दिवसाढवळ्या. वळणावर एकजण शीळ घालायला, एकजण पैसे घ्यायला, आणि माल म्हणाल तर कुणाच्याच खिशात नाही. तो पाइपमागं, विटेच्या खोबणीत. गिऱ्हाईक यायचं, मूठ मुठीला लागायची, गिऱ्हाईक चालायला लागायचं. पोलिसांची गाडी दिसली की शीळ, आणि शिळेसरशी भिंत रिकामी. गाडी गेली की पुन्हा जैसे थे. चावीवाला कानस घासता घासता हे सगळं बघायचा आणि डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा. "त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे येत नाहीत, माझी त्यांच्याकडे जात नाहीत," असं तो म्हणायचा.

हे त्याचं बोलणं त्याच्याच धाकट्या भावानं खोटं पाडलं.

धाकट्याचा हात थोरल्यापेक्षा हलका होता. कुलूप कानाशी धरून, तार आत घालून, डोळे मिटून बसायचा आणि मिनिटभरात कुलूप मांडीवर उघडं. "माझ्यापाशी मेहनत आहे, त्याच्यापाशी कान आहे," असं चावीवाला गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. मग हळूहळू त्या हाताला कंप सुटायला लागला. आधी टपरीतली हत्यारं गेली, मग वहिनीच्या बांगड्या. दोनदा त्याला दवाखान्यात ठेवला, दोनदा तो बरा होऊन आला, आणि दोन्ही वेळा घरापासून टपरीपर्यंतच्या वाटेतच घसरला. सव्विसाव्या वर्षी, एका दुपारी, छापखान्याच्या मागच्या पायऱ्यांवर तो गेला. चावीवाला त्या वेळी गावाबाहेर एका गोदामाची कुलपं बसवत होता. निरोप पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या भिंतीचा कारभार तेव्हा उंट्याकडे होता. खूप उंच, मानेतून वाकलेला, म्हणून उंट्या. शाळेत तो आणि चावीवाला एका बाकावर बसायचे. धाकट्याला लहानपणी त्यानं खांद्यावर घेऊन मिरवला होता, आणि पुढे त्यालाच पुड्या विकल्या. धाकटा गेला त्या दिवशी उंट्या दाराशी आला. चावीवाल्यानं सगळ्या गल्लीदेखत त्याची गचांडी धरली आणि त्याला पायरीवरून खाली ढकललं. "आजपासून तू मला मेलास," एवढंच म्हणाला. उंट्यानं हात वर केला नाही. त्याला अकरा वर्षं झाली होती. एका गल्लीतली माणसं असून अकरा वर्षं दोघांत एक अक्षर गेलं नव्हतं.

या अकरा वर्षांत गल्लीनं कात टाकली. पहिल्यांदा दिवे आले. मग छापखाना विकला गेला, पडला, आणि त्या जागी चौदा मजल्यांची इमारत उभी राहिली. भिंतीचा जेवढा तुकडा टपरीमागं होता तेवढाच शिल्लक राहिला. त्याच्यापुढे काचेचं कॉफीचं दुकान झालं, कुंड्यांमधून झाडं आली, आणि खांबाखांबावर कॅमेरे. इमारतीतली माणसं गॅलरीतून फोटो काढून पोलिसांना पाठवायची. दोन वर्षांत भिंतीवरची माणसं एकेक करून उचलली गेली. उंट्याला चार वर्षांची शिक्षा झाली. पूर्वी आठवड्यातून एकदा एक पांढरी गाडी यायची, गर्दुल्ल्यांना सुया बदलून द्यायची, जखमा बांधायची, नाकात मारायचं एक औषध वाटायची. तीही बंद झाली. इथे आता गरज उरली नाही, असा वर अहवाल गेला म्हणे.

टपरी मात्र टिकली, कारण तिचा परवाना पक्का होता आणि नव्या लोकांना ती आवडली. ते टपरीचे फोटो काढायचे. चावी करून घ्यायला कुणी येत नसे. त्यांच्या दारांना आकडे दाबायची कुलपं होती. "लोक मला बघायला येतात," चावीवाला बायकोला म्हणायचा, "उद्या तिकीट लावतो." बायको हसायची.

सुंठेवाचून खोकला गेला, असं सगळ्यांनाच वाटत होतं. चावीवाल्याला तसं वाटत नव्हतं, कारण त्यानं ती मूठ तीस वर्षं बघितली होती. संध्याकाळी इमारतीच्या दाराशी जेवणाच्या चौकोनी पिशव्या पाठीला लावलेली मोटारसायकलवाली मुलं यायची. एखाद्या वेळी पिशवीतून जेवण निघायचं नाही, एक लहानसं पाकीट निघायचं. घरच्या सपाता घालून कुणीतरी खाली यायचं, मूठ मुठीला लागायची, आणि दोघं दोन दिशांना. कधीकधी तर आणणाऱ्यालाही ठाऊक नसायचं आपण काय आणलं ते. शीळ नाही, पहारा नाही, भांडण नाही. बहुतेक वेळा पाकीट थेट दारापर्यंतच जायचं. चावीवाला बघायचा आणि पुन्हा कानशीकडे वळायचा. सांगणार कुणाला? आणि सांगून काय, टपरी हलवायची?

उंट्या सुटून आला तेव्हा त्याची भिंत उरली नव्हती. ना कुणी ओळखीचं, ना फोनवरच्या नव्या धंद्यातलं त्याला काही कळत. वयही पन्नाशीला आलेलं. एका ठेकेदारानं फारशी चौकशी न करता त्याला गाड्या धुवायच्या कामावर लावला, तो नेमका याच इमारतीच्या तळघरात. रोज सकाळी सातला तो वाकलेली मान घेऊन टपरीसमोरून जायचा. रोज सकाळी सातला चावीवाला खाली बघून किल्ल्यांचा जुडगा आवरायचा.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला इमारतीचा मॅनेजर जवळजवळ पळतच टपरीवर आला. त्याच्या मागं एक पन्नाशीची बाई, हातात प्रवासाची बॅग तशीच.

"काका, हत्यारं घ्या आणि चला. नवव्या मजल्यावर."

"तुमच्या कुलपांचं मला काय कळतंय?" चावीवाला म्हणाला.

"कुलूप मी उघडलंय हो नंबरनं. आतून कडी लावलेली आहे."

ती बाई पुढे झाली. "माझी मुलगी आहे आत, दादा. कालपासून फोन उचलत नाही. मी रात्रभर बसनं आले. आत फोन वाजतोय, मला ऐकू येतोय."

चावीवाल्यानं टपरीला फळी लावली नाही, तसाच निघाला. दार दोन बोटं उघडत होतं आणि कडीला अडत होतं. फटीतून फक्त चपलांची एक जोडी दिसत होती. त्यानं जाड तार वाकवली, फटीतून घातली, आणि डोळे मिटून चाचपायला लागला. हे काम धाकट्याचं होतं. धाकट्यानं दोन मिनिटांत केलं असतं. चावीवाल्याला सात लागली, आणि त्यात कडीची पट्टी वाकली. मागं उभी असलेली आई मुलीला हाका मारत होती, आधी मोठ्यानं, मग हळूहळू लहान होत गेलेल्या आवाजात.

मुलगी पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर पडलेली होती. पंचवीस-सव्वीसची असेल. ऑफिसला जायचे कपडे अंगावर, ओठ निळे. घोरल्यासारखा एक श्वास आला, मग इतका वेळ काहीच आलं नाही की मॅनेजर म्हणाला, "गेली." मग पुन्हा एक आला. पलंगाजवळच्या टेबलावर एक फाडलेलं पाकीट आणि बोटाच्या पेराएवढी पुडी.

ॲम्ब्युलन्सला फोन झाला होता. पूल ओलांडून यायचं म्हणजे वीस मिनिटं कुठेच गेली नव्हती. चावीवाल्यानं असे श्वास भिंतीच्या त्या टोकाला कितीदा ऐकले होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना उठून बसतानाही बघितलं होतं. कोण उठवायचं तेही त्यानं बघितलं होतं.

"तिला कुशीवर वळवा," तो त्या आईला म्हणाला. "हाका मारत राहा, गालावर मारा, थांबू नका. मी आलोच."

लिफ्टनं तळघरात उतरेपर्यंत त्यानं दोनदा ठरवलं की हे आपल्याकडून व्हायचं नाही. उंट्या एका गाडीचं चाक धुत होता.

"वर चल," चावीवाला म्हणाला. अकरा वर्षांनी हेच दोन शब्द. "एक पोरगी निळी पडलीय."

उंट्यानं कोण, कुठली, काही विचारलं नाही. फडकं टाकलं, खिळ्याला अडकवलेल्या जेवणाच्या पिशवीत हात घातला, काहीतरी मुठीत घेतलं आणि त्याच्याआधी लिफ्टपाशी पोचला. नऊ मजले दोघं शेजारी शेजारी उभे होते. उंट्याच्या हातातून साबणाचं पाणी ठिबकत होतं.

"श्वास आहे?" त्यानं विचारलं.

"मी निघालो तेव्हा होता."

पुढची चार-पाच मिनिटं चावीवाला दाराशी उभा राहून नुसता बघत होता. उंट्यानं मुलीला उताणं केलं, हनुवटी धरून मान मागं केली, तोंडात बोट फिरवून बघितलं. मुठीतली प्लॅस्टिकची पांढरी नळी तिच्या नाकपुडीत घातली आणि दाबली. मग तिचं नाक चिमटीत धरून तिच्या तोंडात श्वास सोडायला लागला. एक श्वास, मग हळू आवाजात पाचपर्यंत आकडे, मग पुन्हा श्वास. घाई नाही, गडबड नाही. आई मुलीचे पाय छातीशी धरून बसली होती. मॅनेजर म्हणाला, "अहो, हे याला येतं का?" उंट्या आकडे मोजतच राहिला.

मुलीला खोकला आला. मग तिनं एक मोठा, ओरखडल्यासारखा श्वास घेतला, आणि ओठांचा रंग हळूहळू पालटायला लागला. डोळे उघडून तिनं समोरचा अनोळखी लांब चेहरा बघितला आणि ती रडायला लागली.

"रडू दे," उंट्या आईला म्हणाला. "रडणं चांगलंच आहे. पण आता झोपू देऊ नका, ताई. या औषधाचा जोर ओसरला की ती परत तशीच होईल. दवाखान्यात न्यावंच लागेल. आणि डॉक्टरांना सांगा, नळीवरची तारीख उलटून दोन वर्षं झालीत, म्हणजे ते दुसरं देतील."

ॲम्ब्युलन्स आली, मुलीला आणि तिच्या आईला घेऊन गेली. तिच्या मागोमाग पोलीस आले. त्यांनी टेबलावरची पुडी बघितली, मग उंट्याकडे बघितलं. त्यातल्या एकानं त्याला पूर्वी दोनदा उचललं होतं.

"तू इथे?" तो म्हणाला. "नवव्या मजल्यावर?"

"हा आमच्याकडे गाड्या धुतो," मॅनेजर घाईघाईनं म्हणाला. "याला वर यायची परवानगी नाही, साहेब. याचं पूर्वीचं हे असलं आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"मग माल कुठून आला ते वेगळं सांगायला नको," पोलीस म्हणाला.

उंट्यानं मनगटं पुढे केली. त्याला ती सवय असावी. जाताना त्यानं एकदाच चावीवाल्याकडे बघितलं. चावीवाला खाली वाकून तार आणि पकड पिशवीत भरत होता. ती भरायला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट त्यानं लावला.

दुपारी तो घरी जेवायला बसला आणि घास तोंडात फिरायला लागला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं होतं. गल्लीत तोवर बातमी पोचलीही होती.

"तुम्ही बोलावलंत म्हणून तो वर गेला," ती म्हणाली.

"हो."

"आणि ते तुम्ही सांगितलं नाहीत."

"कुणी विचारलं नाही."

"अहो, विचारलं नाही म्हणून काय झालं?"

चावीवाल्यानं ताट सरकवलं. "तुला त्याचा पुळका कधीपासून आला? धाकट्याला विसरलीस?"

लग्न होऊन बायको या घरात आली तेव्हा धाकटा तेरा वर्षांचा होता. त्याच्या डब्यापासून त्याच्या अंथरुणापर्यंत सगळं तिनं केलं होतं.

"त्याला मी आजन्म विसरायची नाही," ती म्हणाली. "उंट्या माझ्या दारात आला तर मी त्याला पाणीही देणार नाही. पण ते धाकट्याचं झालं. हे आजचं आहे. आज त्यानं कुणाची तरी मुलगी वाचवली, आणि त्याबद्दल तो आत बसलाय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच की."

"तो कुठला संन्यासी?"

"नसेना का. आजच्यापुरता आहे."

चावीवाला उठला, हात धुतले, आणि सदरा बदलून पोलीस ठाण्यावर गेला.

तिथल्या साहेबानं त्याला तासभर बाकावर बसवलं आणि मग आत बोलावलं. चावीवाल्यानं झालं ते पहिल्यापासून सांगितलं. कडी, सात मिनिटं, निळे ओठ, तळघर. उंट्या त्याआधी वर आलेला नव्हता. आला असता तर कॅमेऱ्यात दिसला असता. आणि कॅमेऱ्यात बघायचंच असेल तर कालची संध्याकाळ बघा, साहेब, जेवणाची पिशवी घेऊन कोण आलं आणि पिशवीतून काय निघालं ते.

साहेबानं समोरचा कागद बाजूला केला. "एक विचारू? तुमच्या भावाची केस आमच्याकडे जुन्या फायलीत आहे. तो माल कुणाकडून घ्यायचा?"

"उंट्याकडून."

"आणि तुम्ही त्याची बाजू घ्यायला आलात."

चावीवाल्याचे कान तापले. "बाजू नाही घेत, साहेब. तेव्हा तुम्ही मला बोलावलं असतंत तर मी त्याच्या विरुद्ध सांगितलं असतं. तुम्ही बोलावलं नाहीत. आज जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतोय. लिहून घ्या, मी सही करतो."

"इमारतीचे लोक नाराज होतील हं. तुमची टपरी त्यांच्या दारात आहे."

"टपरी त्यांच्या आधीपासून आहे," चावीवाला म्हणाला.

साहेबानं लिहून घेतलं. मॅनेजरनं कॅमेऱ्याचं चित्रण द्यायला आधी टाळाटाळ केली, मग दिलं. आदल्या संध्याकाळी साडेसात वाजता नवव्या मजल्यावर पिशवीवाला आलेला त्यात स्वच्छ दिसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी बोलण्याच्या स्थितीत आली तेव्हा तिनंही तेच सांगितलं. फोनवर निरोप टाकायचा, नकाशावर आपली जागा दाखवायची, अर्ध्या तासात दारात. विकणाऱ्याचं नाव तिला माहीत नव्हतं. त्याचा चेहरा तिनं कधी बघितला नव्हता, आणि त्यानं तिचा. पोलिसांनी त्या नंबरवर फोन लावला तर तो बंद झाला होता.

उंट्याला चारच्या सुमाराला सोडलं. चावीवाला बाहेर उभा होता. का उभा होता ते त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सही करायला एक कागद राहिला होता आणि तो झाल्यावर पाय निघाला नव्हता. दोघं रस्त्याला लागले. गल्लीची वाट एकच होती, तेव्हा बरोबर चालण्यावाचून इलाज नव्हता.

पुलाच्या सुरुवातीला उंट्या थांबला.

"तुला एक सांगायचंय."

"आभार मानायचे असले तर नको."

"आभार नाहीत." उंट्यानं पुलाचा कठडा धरला. "धाकटा लगेच गेला नव्हता."

चावीवाला त्याच्याकडे वळला.

"मी होतो तिथे, पायऱ्यांवर. श्वास चालू होता त्याचा, कालच्या त्या पोरीसारखाच. मला करता येत होतं. मी त्याला उताणासुद्धा केला होता. तेवढ्यात शीळ झाली, आणि नेमका त्या दिवशी माझ्या अंगावर माल होता. मी पळालो. गाडी जाईपर्यंत मागच्या शेडमध्ये बसलो. परत आलो तेव्हा माणसं जमली होती."

पुलावरून गाड्या जात होत्या. चावीवाल्याच्या कानात त्यांचा आवाज येत होता आणि दुसरं काहीच येत नव्हतं.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"दहा मिनिटं. पंधरा असतील."

"शुद्धीत होता?"

"नाही."

"काही बोलला?"

"नाही. खोटं कशाला सांगू, काही बोलला नाही."

"हे आत्ता का सांगतोस? अकरा वर्षं गिळून बसलास ते बसलास."

"तू आत जाऊन माझ्याबद्दल खरं सांगितलंस. मग हे पोटात ठेवून तुझ्या शेजारनं चालता येईना."

आत्ता याला एक धक्का दिला तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि उंट्यालाही ते कळलं असावं, कारण तो कठड्यापासून हलला नाही. थोड्या वेळानं चावीवाला म्हणाला, "तू पुढे हो." उंट्या गेला. त्याची वाकलेली मान गर्दीत सगळ्यांच्या वर दिसत होती, पार पुलाच्या शेवटापर्यंत. ती दिसेनाशी झाल्यावर चावीवाला फुटपाथवरच बसला. येणाजाणाऱ्यांपैकी एका बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का? तो म्हणाला, "वाटेल."

बायकोला त्यानं हे चार दिवसांनी सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं निवडणं थांबवलं, पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "दहा मिनिटं." त्यानंतर त्या दोघांनी हा विषय पुन्हा काढला नाही, पण रोज एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं की दोघांनाही कळायचं, काय चाललंय ते.

उंट्याचं काम गेलं ते गेलंच. कोर्ट नाही, केस नाही, तरी ठेकेदारानं त्याला दुसऱ्या दिवशीच नारळ दिला. इमारतीत लिफ्टपाशी पाटी लागली: बाहेरच्या कामगारांनी वरच्या मजल्यांवर जाऊ नये. जेवणाच्या पिशव्यांना ती पाटी लागू नव्हती. संध्याकाळी त्या पूर्वीसारख्याच येत राहिल्या.

तीन आठवड्यांनी मुलीची आई टपरीवर आली. मुलगी आता तिच्याजवळ होती, उपचार चालू होते; कधी चांगला दिवस जायचा, कधी वाईट. ती खोली रिकामी करायला आली होती, आणि घरमालकाला दार दुरुस्त करून हवं होतं. चावीवाला वर गेला, वाकलेली पट्टी काढली, नवी बसवली.

"कडी परत लावू का?" त्यानं विचारलं.

"मालकाला हवी असेल तर लावा," ती म्हणाली. "माझ्या घरातल्या सगळ्या मी काढून टाकल्यात. न्हाणीघराचीसुद्धा. ती चिडते माझ्यावर. चिडू दे." मग म्हणाली, "दादा, ते दुसरे गृहस्थ कुठे भेटतील? खाली विचारलं तर कुणी सांगत नाही."

चावीवाल्यानं स्क्रू घट्ट करून घेतला. "लाकडाच्या वखारीत आहे म्हणतात. रेल्वेच्या पलीकडे."

"मला वाट दाखवाल?"

तो तिला घेऊन गेला. वखारीच्या फाटकाशी थांबून त्यानं आत बोट दाखवलं. उंट्या फळ्यांची चळत लावत होता, डोक्यापासून पायापर्यंत भुशानं भरलेला. बाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. ती काय बोलली ते फाटकापर्यंत ऐकू आलं नाही. तिनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले, आणि उंट्या दुसरीकडेच बघत राहिला, लहान मुलाचं औषध पाजताना होतं तसं तोंड करून. थोड्या वेळानं ती डोळे पुसत परत आली आणि बसच्या वेळेकडे बघायला लागली.

"तुम्ही व्हा पुढे, ताई," चावीवाला म्हणाला. "बस समोरच थांबते."

ती गेल्यावर तो फाटकातून आत गेला. उंट्यानं हातातली फळी खाली ठेवली आणि उभा राहिला, काय येईल ते घ्यायच्या तयारीत.

"मी तुला माफ केलेलं नाही," चावीवाला म्हणाला.

"मी माफी मागितलेली नाही."

"ती नाकातली नळी कुठे मिळते?"

उंट्याला क्षणभर प्रश्न कळला नाही. मग त्यानं अंगावरचा भुसा झटकला. "पुलापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात. मागच्या बाजूला एक खिडकी आहे, गुरुवारी उघडते. नाव विचारत नाहीत."

"वापरायची कशी ते?"

"तिथली बाई शिकवते."

चावीवाला मान हलवून निघाला.

गुरुवारी त्यानं टपरीला फळी लावली आणि पूल ओलांडून गेला. खिडकीपुढे पाच-सहा माणसं होती. दोघं-तिघं गर्दुल्ले, एक म्हातारी, एक टाय लावलेला तरुण, तो सारखा मागं बघत होता. चावीवाल्याचा नंबर आला तेव्हा नर्सनं त्याला दोन नळ्या दिल्या, आणि रबराच्या डोक्यावर दाखवलं, मान कशी धरायची, नळी किती आत घालायची, श्वास कसा सोडायचा. त्यानं पुन्हा दाखवायला सांगितलं. मग स्वतः करून बघितलं. त्याला पाचपर्यंत आकडे म्हणायची घाई व्हायची; तिनं सांगितलं, हळू.

"घरात कुणी आहे का घेणारं?" नर्सनं सहज विचारलं.

"होता," चावीवाला म्हणाला. "आता शेजारच्या इमारतीत आहेत. कोण ते मला माहीत नाही."